विमानाचा घसारा

बी.कॉम.ला हिशेबाच्या पुस्तकात घसारा नावाचा एक धडा असतो. कारखान्याने यंत्र आणले की ते रोज थोडे झिजणार आणि एक दिवस मोडीत निघणार, हे मालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून तो दरसाल त्या यंत्राच्या किमतीचा एक भाग खर्ची टाकत जातो. यंत्र १०,००० रुपयांचे आणि आयुष्य दहा वर्षांचे धरले, तर दरसाल १,००० रुपये. ज्या दिवशी यंत्र खरोखर बंद पडते, त्या दिवशी मालकाच्या घरी रडारड होत नाही. वहीत ते आधीच मोडलेले असते.

आपल्या घरात हे खाते नसते. कपाचा कान तुटला, शेजाऱ्याची सायकल पंक्चर झाली, चार दिवसांपूर्वी घेतलेल्या चपलेचा अंगठा तुटला, की लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. तो धपाटा रागाचा नसतो, रोजंदारीचा असतो. बापाला तुटलेल्या वस्तूत अर्ध्या दिवसाचे काम दिसते. लेकराला हे कळत नाही. त्याला एवढेच कळते की हात लावला की मार बसतो. मग ते हात लावणेच सोडते. घरातल्या मिक्सरला नाही, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला नाही, पुढे कार्यालयातल्या संगणकालाही नाही. नव्या यंत्रासमोर हात मागे बांधून उभी असलेली आपली हुशार पोरे आम्ही नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ पाहिली. हुशारीत ती कुठे कमी नव्हती. त्यांच्या वाट्याला मोडायची परवानगी कधी आली नव्हती.

आज या सदरात घसाऱ्याची गोष्ट काढण्याचे कारण एक खेळण्याचे विमान आहे. शिरूर अनंतपाळच्या शिवारात, हरभरा निघालेल्या एका रानात, रविवारी सकाळी आम्ही मंडळी ते उडवायला गेलो होतो. पण आधी ते विमान कसले, हे सांगितले पाहिजे, कारण आपल्या बहुतेक वाचकांनी ते पाहिलेले नसेल.

याला इंग्रजीत कंट्रोल लाइन म्हणतात. आपण त्याला दोन तारांचे विमान म्हणू. हाताएवढे लांब, हलक्या लाकडाचे किंवा फोमचे विमान. नाकाशी छोटे इंजिन किंवा विजेची मोटर आणि तिच्यावर पंखा. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि पंधरा-वीस मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या मुठीला जोडलेल्या असतात. विमान त्या माणसाभोवती गोल फिरते आणि तो माणूसही त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरत राहतो.

ज्यांनी लहानपणी खळे पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. खळ्याच्या मध्ये तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैलांची पात फिरवायची. इथे तिवडा म्हणजे उडवणारा माणूस आणि पातीच्या जागी विमान. ज्यांनी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली आहे त्यांना दुसरी गोष्टही सांगावी लागणार नाही. गोफण फिरते तोवर दोरी ताठ राहते, दगड बाहेर ओढत असतो. विमानाच्या तारा अशाच ताठ राहतात. तार ताठ आहे तोवर विमान तुमच्या ताब्यात, तार सैल पडली की ते कुणाचेच नाही.

आता ते वर-खाली कसे होते ते पाहू. विमानाच्या पोटात एक छोटी त्रिकोणी पट्टी खिळ्यावर बसवलेली असते. दोन तारा तिच्या दोन टोकांना, आणि तिसऱ्या टोकाला एक ताठ काडी. ती काडी शेपटीच्या आडव्या झडपेपर्यंत जाते. मुठीतली वरची तार ओढली की पट्टी एका बाजूला फिरते, काडी सरकते, झडप वर उचलली जाते आणि विमानाचे नाक वर होते. खालची तार ओढली की उलट. यात बिनतारी संदेश नाही, संगणक नाही. तुमचे मनगट आणि विमानाची शेपटी यांच्यामध्ये दोन तारा, एक पट्टी आणि एक काडी, एवढेच आहे. मोठ्या विमानांतही वैमानिकाच्या दांड्यापासून शेपटीपर्यंत तारा आणि कप्प्या नेण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती.

थोडा हिशेब करू, कारण तो आमचा धंदा आहे. आमच्या विमानाचे वजन ८०० ग्रॅम, तारा १५ मीटर. वेग ताशी ६० किलोमीटर धरला तर ९४ मीटरची एक फेरी साडेपाच-पावणेसहा सेकंदांत पुरी होते आणि हाताला सुमारे दीड किलोची ओढ बसते. तोच वेग ताशी ९० केला, म्हणजे दीडपट, तर ओढ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते, जवळजवळ साडेतीन किलो. वेग वाढला की ओढ त्याच्या वर्गाने वाढते. दहावीच्या पोराला हे सूत्र फळ्यावर पाठ असते. त्या रविवारी ते त्याला मनगटात कळले.

मैदानाचाही हिशेब आहे. १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सात गुंठे. विमानाच्या वाटेबाहेर सुरक्षित अंतर सोडून २५ मीटरचे वर्तुळ धरले तर जवळजवळ वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. अर्धा एकर मोकळी सपाट जागा आपल्या वस्तीत कुणाच्या नावावर नाही. ती मागावी लागते. आम्ही ज्या शेतकऱ्याकडे गेलो त्यांना गावात सगळे मामा म्हणतात. मामांनी अट घातली की हरभरा निघाल्यावर या, बांधावरच्या आंब्याला धक्का लागू देऊ नका, आणि मला एकदा मूठ धरू द्या. तिन्ही अटी मान्य झाल्या.

या खेळाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात जिम वॉकर नावाचा खेळण्यांचा कारखानदार होता. १९४० च्या सुमारास त्याने दोन तारांनी चालणारे ‘फायरबॉल’ विमान बाजारात आणले, पद्धतीचे पेटंट घेतले आणि ही कल्पना जगभर पसरवली. पण १९५५ साली पेटंटवरून न्यायालयात वाद गेला तेव्हा त्याच राज्यातला ओबा सेंट क्लेअर पुढे आला. वॉकरच्या आधीच, १९३० च्या दशकात, त्याने अशाच रचनेचे विमान बनवून उडवले होते. वॉकरचा हक्क टिकला नाही. आधी केले एकाने आणि नाव झाले दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही. निदान इथे न्यायालयापुढे ज्याचे त्याला मिळाले.

आज जागतिक पातळीवर या खेळाचे चार प्रकार खेळले जातात. एकात फक्त वेग मोजतात. तारा १७.६९ मीटरच्या असतात, कारण तेवढ्या त्रिज्येच्या नऊ फेऱ्या म्हणजे बरोबर एक किलोमीटर. दुसऱ्यात हवेत गिरक्या, उलटे उड्डाण आणि आठच्या आकड्याच्या कसरती करतात आणि पंच गुण देतात. तिसऱ्यात एकाच वर्तुळात तीन विमाने शर्यत करतात आणि मध्येच उतरून इंधन भरतात. चौथ्यात दोन विमाने शेपटीला कागदी फीत बांधून एकमेकांची फीत कापायला धावतात. आपल्याकडच्या पतंगाच्या पेचाचा हा चुलतभाऊच म्हणायचा.

आपल्या देशात सामान्य घरातल्या मुलाला या विमानापर्यंत नेणारी मोठी वाट म्हणजे एन.सी.सी. ही संघटना १९४८ च्या कायद्याने झाली आणि तिची हवाई शाखा १९५० मध्ये सुरू झाली. हवाई शाखेच्या छात्रांना एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या प्रतिकृती बनवणे आणि उडवणे, शिकवले जाते. अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात आणि त्यात दोन तारांचे विमानही असते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे हवाई शाखेची पथके आहेत. आमच्याकडे ही विद्या अशीच आली. वस्तीतला एक मुलगा पुण्यात शिकताना हवाई शाखेत होता. आता तो गावाकडे मोटारी गुंडाळण्याचे काम करतो. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात येऊन त्याने पोरांना कागदाची, मग थर्माकोलची विमाने करायला शिकवले आणि एक दिवस म्हणाला, “दादा, खरं करून बघू का?”

वाचनालयाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा मोठा वाद झाला. गवंडीकाम करणारे एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या पोराला तलाठ्याची परीक्षा द्यायचीय. त्याला पुस्तकं नाहीत. विमान उडवून कोण नोकरी देतंय?” त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो टाळायचा नाही, असे आम्ही ठरवले. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो त्या घराला खेळाचा खर्च समजावून सांगणे ही सोपी गोष्ट नाही.

तोड निघाली ती अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एका मावशींच्या तोंडून. त्या म्हणाल्या, “पुस्तकाचा एक पैसा हलवू नका. विमानाचं वेगळं मडकं करा. ज्याला टाकायचं तो टाकील.” चौदा घरे तयार झाली. महिना ४० रुपये, दहा महिने, एकूण ५,६०० रुपये जमले. त्यातले ४,२०० विमानावर खर्च झाले. मोटर, तिचा वेगनियंत्रक, बॅटरी, चार्जर, पंखे, फोम, लाकूड आणि तारा. उरलेल्या १,४०० रुपयांचे काय करायचे यावर पुन्हा चर्चा झाली. कुणी म्हणाले परत वाटा, कुणी म्हणाले चहापाणी करा. तेव्हा आम्ही वहीचे नवे पान उघडले आणि वर लिहिले, “विमानाचा घसारा : १,४०० रुपये.” उडवायच्या आधी पोरांना बसवून सांगितले की हे विमान मोडणार आहे. कुणाच्या हातून मोडेल ते माहीत नाही, पण मोडणार हे नक्की. त्याचे पैसे आधीच बाजूला काढले आहेत. ज्याच्या हातून मोडेल त्याला कुणी बोलायचे नाही.

पोरांना ते ऐकून गंमत वाटली. त्यांच्या आईवडिलांना मात्र ते खरे वाटले नाही.

त्या रविवारी उजाडताच आम्ही रानात पोचलो, कारण ऊन चढले की वारा चढतो. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, त्यात विमानाची चाके अडकणार. म्हणून चाकावर पळवण्याचा बेत सोडून हाताने सोडायचे ठरले. एकाने विमान धरायचे, दुसऱ्याने मध्यभागी मूठ धरायची. मध्यभागी चुन्याने लहान वर्तुळ आखले, बाहेर मोठे वर्तुळ आखले आणि बघ्यांना त्याच्या पलीकडे बसवले. उडवण्याआधी दर वेळी तारा ताणून पाहायच्या, विमानाच्या वजनाच्या दहापट ताण देऊन. ८०० ग्रॅमच्या विमानाला आठ किलोची ओढ. तार तुटायची असेल तर ती जमिनीवर तुटू द्यावी. मुठीला एक पट्टा असतो, तो मनगटात अडकवल्याशिवाय विमान सोडायचे नाही. हातातून मूठ निसटली तर विमान तारांसकट लोकांत शिरेल.

पहिले उड्डाण पुण्याहून आलेल्या मुलाने केले. मोटरीचा आवाज वाढला, विमान हातातून सुटले आणि छातीएवढ्या उंचीवर सरळ फिरू लागले. बांधावर बसलेल्या बाया हसायला लागल्या, का ते त्यांनाही सांगता आले नसते. मग मामांची पाळी. मामांनी तीन फेऱ्या नीट मारल्या आणि चौथ्या फेरीला त्यांचे डोके गरगरले. नवशिक्याचे तसे होतेच. नजर मागच्या झाडांवर गेली की चक्कर येते. नजर फक्त विमानावर ठेवायची. मुलाने पटकन मूठ हातात घेतली. मामा भुईवर बसले आणि म्हणाले, “बैलाला कसं होत असंल ते आज कळलं.”

मग मुलांच्या पाळ्या लागल्या. नवशिक्याची एकच खोड असते. विमान जरा खाली आले की तो मनगट जोरात मागे ओढतो, विमान एकदम उभे वर जाते, मग घाबरून पुढे ढकलतो आणि ते जमिनीकडे झेपावते. म्हणून शिकवताना सांगतात की मनगट आणि कोपर ताठ ठेवा, सगळा हात खांद्यातून हलवा. हाताची चाल मोठी झाली की विमानाची चूक लहान होते.

सातव्या क्रमांकावर नववीतली एक मुलगी होती. तीच ती, बैठकीत उभ्या राहिलेल्या गवंडीकाकांची धाकटी. काका बांधावर उभे होते. तिने आठ-नऊ फेऱ्या सुरेख मारल्या. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला विमान असले की तो त्याला आत, उडवणाऱ्याच्या अंगावर लोटतो आणि तारा सैल पडतात. अशा वेळी मागे सरकून तार पुन्हा ताठ करायची असते. ती शिकवण तिला मिळाली होती, पण शिकवणे आणि पायांनी ते करणे यांत वेळ जातो. ती मागे सरकली तेव्हा अर्धा सेकंद उशीर झाला होता. विमान नाकावर पडले. डावा पंख मुळातून सुटला, पंखा तुटला.

मोटर थांबली. सगळे शांत झाले. मुलगी मध्यभागी मूठ घट्ट धरून उभी होती. तिने विमानाकडे पाहिलेच नाही. ती वडिलांकडे पाहत होती.

वाचकहो, तो एक क्षण आम्हाला सगळ्या खर्चापेक्षा मोठा वाटतो. घसाऱ्याची वही आमच्या पिशवीत होती, पण वहीने लेकराची भीती जात नाही. ती कुणाच्या तरी वागण्याने जाते. गवंडीकाका सावकाश चालत गेले. तुटलेला पंख उचलला, सांधा उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने दाबला. मग म्हणाले, “इथं जोड कच्चा होता. आतून कामटी घालायला पाहिजे होती. पडलं ते बरं झालं, नाहीतर हवेतच सुटलं असतं.” मग मुलीकडे वळून विचारले, “किती फेऱ्या झाल्या?” ती म्हणाली, “नऊ.” ते म्हणाले, “मामाच्या तीन झाल्या.”

बांधावर हशा पिकला. मामाही हसले. आम्ही वही काढली आणि तिच्याच हाताने नोंद करवली. पंखा एक, फोम, गोंद : १८० रुपये. शिल्लक १,२२०. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर गवंडीकाकांनी स्वतः बांबूची कामटी तासून पंखात बसवली. विमान आता आधीपेक्षा मजबूत आहे. तलाठ्याच्या परीक्षेची पुस्तकेही आली, ती पुस्तकांच्या पैशातून.

कुणी म्हणेल, हे सारे खेळणेच. राइट बंधूंची गोष्ट आठवावी. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी रबराच्या ताणावर उडणारे एक खेळणे घरी आणले होते. ते मोडेपर्यंत दोघे भाऊ त्याच्याशी खेळले आणि मोडल्यावर तसेच दुसरे स्वतः करायला बसले. मोठेपणी दोघांनी सायकली दुरुस्त करण्याचे आणि विकण्याचे दुकान काढले. कॉलेजची पदवी दोघांनाही नव्हती. त्यांच्या दुकानातला यंत्रकारागीर चार्ली टेलर याने विमानाचे इंजिन सहा आठवड्यांत तयार केले. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण झाले ते १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे. आमच्या विमानाची एक फेरी त्याहून लांब आहे. त्या दिवशीही चार उड्डाणांनंतर वाऱ्याने विमान उलथून मोडलेच. पुढच्या वर्षी त्यांनी नवे बांधले.

आणखी एक गोष्ट. पंखा, मोटर, बॅटरी, समतोल हे ज्ञान आता शेतापर्यंत आले आहे. फवारणीचे ड्रोन महिला बचत गटांना देण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केली, १५,००० गटांचे लक्ष्य ठेवून. असे यंत्र उद्या गावात आले तर ते हातात कोण घेणार? ज्या मुलीने नऊ फेऱ्या मारल्या आणि मोडलेला पंख जोडताना पाहिला, तिचा हात मागे बांधलेला राहणार नाही एवढे आम्ही सांगू शकतो.

ज्या वस्त्यांतली वाचनालये असे काही करू पाहतील त्यांच्यासाठी चार गोष्टी जीव तोडून सांगतो, कारण खेळणे असले तरी यात जिवाचा धोका आहे.

विजेची लाइन हा सगळ्यात मोठा वैरी. हातात पोलादी तार आहे आणि ती लाइनला लागली, किंवा नुसती फार जवळ गेली, तरी माणूस जागीच जाऊ शकतो. शंभर मीटरच्या आत लाइन असेल ते रान आम्ही सोडून देतो, कितीही सपाट असले तरी. विमान कधी तारेत अडकलेच तर ते काढायला जायचे नाही. वीज मंडळाच्या माणसाला बोलवायचे. आभाळ गडगडत असेल तर घरी बसायचे.

फिरता पंखा सुरीसारखा कापतो. बॅटरी जोडल्यावर विमान नेहमी दुसऱ्याने धरलेले असावे आणि बोटे पंख्याच्या फेऱ्याबाहेर असावीत.

इंजिनाचे विमान असेल तर त्याच्या इंधनात मिथेनॉल असते. विषारी दारूने माणसे आंधळी होतात आणि मरतात ते याच मिथेनॉलने. ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. वेगळा डबा, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ आणि कुलपात. घरात लहान लेकरे असतील तर विजेच्या मोटरचे विमानच बरे. पण त्याची लिथियमची बॅटरीही फुगलेली असेल तर वापरू नये, आणि चार्जिंगला लावून झोपू नये. ती पेट घेते.

चौथी गोष्ट पैशांची. विमान एका घराने घेऊ नये, वस्तीने घ्यावे. एकट्याचे असले की ते कपाटावर जाते. दहा-पंधरा घरांचे असले की कुणा एकाला तुटण्याची भीती राहत नाही. आणि एवढाही पैसा नसेल तर थर्माकोलच्या पत्र्याचे हाताने फेकायचे विमान वीस-तीस रुपयांत होते. नाकाला थोडी माती लावून वजन पुढे आणा. नाक जड असले की ते सरळ तरंगते, शेपूट जड झाली की गटांगळी खाते. समतोल म्हणजे काय हे तेवढ्यात कळते.

विमान जमले नाही तर सायकल उघडा, बंद रेडिओ उघडा, जुना पंखा उघडा. वस्तू कोणतीही चालेल. पण वाचनालयाच्या, मंडळाच्या, बचत गटाच्या वहीत एक पान कोरे काढा आणि त्यावर घसारा असे लिहा. पहिली नोंद दहा रुपयांची असली तरी पुरे. तिच्याखाली पहिली वस्तू मोडेल, तेव्हा ज्या लेकराच्या हातून मोडली त्याच्याच हातात पेन द्या.